शंकेलाही एक क्रमांक असतो

वार्षिक परीक्षेचे निकालपत्रक भरताना काही शेरे तुम्हाला दर वर्षी लिहावे लागतात. ‘उत्तीर्ण’ आणि ‘अनुत्तीर्ण’ हे तर झालेच. पण एखाद्या मुलापुढे ‘गैरहजर’ लिहावे लागते, तर एखाद्याचा निकाल ‘राखून ठेवला’ असे लिहावे लागते. या चार शेऱ्यांत गल्लत झाली तर काय होईल? गैरहजर मुलापुढे चुकून ‘अनुत्तीर्ण’ पडले, तर न दिलेल्या परीक्षेत तो नापास ठरेल. राखून ठेवलेल्या निकालापुढे ‘उत्तीर्ण’ पडले, तर तो कशासाठी राखला होता हे पुढे कोणी विचारणारच नाही.

आजारांच्या नोंदी ठेवतानाही असे शेरे लागतात. तेथे ते शब्दांत न लिहिता क्रमांकांत लिहितात. या क्रमांकांना आपण ‘संकेतांक’ म्हणू. ‘आजार आहे’, ‘आजार नाही’ आणि ‘अजून सांगता येत नाही’ या तीन गोष्टी संकेतांकांत कशा वेगळ्या राखतात, ते या लेखात एका उदाहरणावरून पाहू. उदाहरण आहे गुदमार्गाच्या कर्करोगाच्या चाळणी तपासणीचे. विषय चारचौघांत बोलायला अवघड आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. पण ज्या अवयवाचे नाव घ्यायला आपण लाजतो, त्याचा आजार उशिरा सापडतो. म्हणूनच हे उदाहरण घेतले आहे.

आधी तपासणी समजून घेऊ

मोठ्या आतड्याच्या शेवटी सुमारे ४ सेंटिमीटर लांबीचा गुदमार्ग असतो. त्याच्या आतल्या बाजूचे अस्तर आतड्यासारखे, म्हणजे उभट, खांबासारख्या पेशींचे असते. बाहेरच्या बाजूचे अस्तर त्वचेसारखे, म्हणजे एकावर एक रचलेल्या चपट्या पेशींचे असते. ही दोन अस्तरे जेथे भेटतात, त्या अरुंद पट्ट्यात पेशींचे रूप सतत बदलत असते. त्याला आपण संक्रमण-पट्टा म्हणू. स्त्रियांच्या गर्भाशयमुखातही असाच पट्टा असतो. मानवी पॅपिलोमा विषाणू, म्हणजे एचपीव्ही, या दोन्ही ठिकाणी घर करतो.

या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. बहुतेक माणसांच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. काही जणांत मात्र तो टिकून राहतो आणि पेशींच्या वाढीवरचा लगाम सैल करतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी या विषाणूचे नाते जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी दाखवले. १९८३ साली त्यांच्या गटाने या विषाणूचा १६ क्रमांकाचा प्रकार शोधला. २००८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे असे दिसून आले, की गुदमार्गाच्या कर्करोगांपैकी सुमारे ९० टक्के कर्करोगांमागे हाच विषाणू असतो आणि त्यातही १६ क्रमांकाचा प्रकार सर्वांत पुढे असतो.

हा कर्करोग तसा विरळा. सर्वसाधारण लोकसंख्येत वर्षाला दर लाखात एक-दोन रुग्ण आढळतात. त्यामुळे सरसकट सर्वांची तपासणी करत नाहीत. ज्यांना धोका अधिक आहे त्यांचीच करतात. एचआयव्हीची लागण झालेले, पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणारे पुरुष, अवयवरोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे वर्षानुवर्षे घेणारे, योनिमुखाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रिया असे हे गट आहेत. यांपैकी पहिल्या दोन्ही वर्णनांत बसणाऱ्या पुरुषांत हे प्रमाण दर लाखात सुमारे ८५ पर्यंत जाते.

तपासणी सोपी आहे. पाण्याने ओलसर केलेला कृत्रिम धाग्याचा बोळा गुदमार्गात घालून हळूहळू फिरवत बाहेर काढतात. त्याला चिकटलेल्या पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. जॉर्ज पापानिकोलाउ यांनी गर्भाशयमुखासाठी रूढ केलेली ‘पॅप’ तपासणी ती हीच. फक्त जागा वेगळी.

पेशींत काय पाहतात? मुख्यतः केंद्रक. निरोगी चपट्या पेशीत केंद्रक लहान असते आणि भोवतीचा भाग मोठा असतो. बिघडू लागलेल्या पेशीत केंद्रक मोठे, गडद आणि वेडेवाकडे दिसते.

सुट्या विटा आणि उभी भिंत

येथे एक महत्त्वाची मर्यादा लक्षात घ्यायला हवी. बोळ्यावर येतात त्या सुट्या पेशी. त्या अस्तराच्या कोणत्या थरातून आल्या, हे नक्की कळत नाही. पडलेल्या विटा पाहून काही विटा खराब आहेत एवढे सांगता येईल, पण भिंत कुठपर्यंत खराब झाली आहे ते सांगता येणार नाही. त्यासाठी भिंतीचाच एक तुकडा हवा. वैद्यकात या तुकडा काढण्याला बायॉप्सी म्हणतात.

बायॉप्सीत पेशींचे थर जसेच्या तसे दिसतात. फक्त तळाच्या एक तृतीयांश भागात बिघाड असेल तर पहिली श्रेणी, दोन तृतीयांशांपर्यंत पोचला असेल तर दुसरी आणि जवळजवळ पूर्ण जाडीत पसरला असेल तर तिसरी श्रेणी. या तिन्ही श्रेणींत अस्तराखालचा पडदा शाबूत असतो. तो फोडून पेशी खाली उतरल्या, की मगच त्याला पसरू शकणारा कर्करोग म्हणतात.

म्हणजे पेशी-तपासणी शंका दाखवते आणि बायॉप्सी निदान करते. आता हा फरक क्रमांकांत कसा उतरतो ते पाहू.

क्रमांकांचा पिनकोड

आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाला आयसीडी म्हणतात. त्याची सुरुवात मृत्यूच्या कारणांच्या यादीपासून झाली. पॅरिसचे संख्याशास्त्रज्ञ झाक बर्तियाँ यांनी १८९३ साली शिकागोच्या परिषदेत अशी यादी मांडली. १९४८ साली जागतिक आरोग्य संघटनेने सहावी आवृत्ती हाती घेतली, तेव्हा मृत्यूंबरोबर आजारांचाही त्यात समावेश झाला. दहावी आवृत्ती १९९० साली मंजूर झाली. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली असली, तरी दहावीचा वापर अजून अनेक ठिकाणी चालू आहे. भारतात मृत्यूच्या कारणांची वैद्यकीय नोंद दहाव्या आवृत्तीप्रमाणेच वर्गीकृत करत आले आहेत.

अमेरिकेने दहाव्या आवृत्तीत आपल्या गरजेपुरते आणखी अंक जोडले आणि ती वाढीव आवृत्ती १ ऑक्टोबर २०१५ पासून रुग्णालयांत वापरात आणली. आपले उदाहरण याच अमेरिकी आवृत्तीतले आहे.

संकेतांकाची रचना आपल्या पिनकोडसारखी असते. पिनकोडचा पहिला अंक ४ दिसला, की पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश किंवा छत्तीसगडचे आहे हे कळते. पहिले तीन अंक ४११ असले, की पुणे. पुढचे अंक टपाल कार्यालयापर्यंत नेतात. तसाच ‘आर ८५.६१३’ हा संकेतांक डावीकडून वाचू.

‘आर’ हे अक्षर लक्षणे, खुणा आणि तपासणीत आढळलेल्या वेगळ्या गोष्टींचे. अजून आजार म्हणून नाव न मिळालेल्या गोष्टी या प्रकरणात येतात. ‘आर ८५’ म्हणजे पचनमार्गाच्या व पोटाच्या पोकळीतल्या नमुन्यांत सापडलेले वेगळेपण. बिंदूनंतरचा ‘६’ म्हणजे ते वेगळेपण पेशींच्या तपासणीत दिसले. जागतिक आवृत्ती येथे थांबते. अमेरिकेने पुढे ‘१’ जोडला. तो गुदमार्गाच्या पेशी-नमुन्याचा. आणि शेवटचा अंक काय दिसले ते सांगतो:

० – पेशी थोड्या वेगळ्या आहेत, पण त्याचा अर्थ ठरवता येत नाही.
१ – पेशी वेगळ्या आहेत आणि उच्च श्रेणीचा बदल नाकारता येत नाही.
२ – निम्न श्रेणीचा बदल.
३ – उच्च श्रेणीचा बदल.
४ – पेशींत कर्करोगाचा पुरावा दिसतो.
५ – नमुना तपासण्याजोगा नाही.
६ – नमुना पुरेसा आहे, पण त्यात संक्रमण-पट्ट्यातल्या पेशी नाहीत.
८ – इतर काही वेगळेपण.
९ – वेगळेपण आहे, पण कोणते ते लिहिलेले नाही.

यांतल्या पहिल्या चार पायऱ्यांमागे बेथेस्डा पद्धत आहे. अमेरिकेतल्या बेथेस्डा येथे १९८८ साली गर्भाशयमुखाच्या अहवालांसाठी ठरावीक शब्द निश्चित करण्यात आले. २००१ च्या सुधारणेत गुदमार्गाचे नमुनेही त्यात आले. पुढे २००८ साली अमेरिकेने तेव्हाच्या नवव्या आवृत्तीत या निकालांसाठी स्वतंत्र संकेतांक घातले. शब्द आधी ठरले, क्रमांक मागून आले. वर्गीकरणात बहुधा असेच होते.

या यादीत दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली ४ क्रमांकाची. पेशींत कर्करोगाचा पुरावा दिसला, तरी संकेतांक ‘आर’चाच राहतो. तो कर्करोगाच्या ‘सी’ प्रकरणात जात नाही, कारण विटा पाहिल्या आहेत, भिंत अजून पाहिलेली नाही. दुसरी ५ आणि ६ क्रमांकांची. नमुना तपासण्याजोगा नाही, म्हणजे माणूस निरोगी आहे असे नव्हे आणि आजारी आहे असेही नव्हे. निकालपत्रकातला हा ‘गैरहजर’ आहे. परीक्षा पुन्हा घ्यायची.

एक रुग्ण, तीन भेटी

समजा, अमेरिकेतल्या एका शहरात एचआयव्हीची लागण झालेले ४५ वर्षांचे एक गृहस्थ आहेत. त्यांना काहीही त्रास नाही. पहिल्या भेटीत त्यांची चाळणी तपासणी होते. त्या भेटीला ‘झेड’ अक्षराचा संकेतांक मिळतो. आजार नसताना माणूस दवाखान्यात का आला, याची कारणे ‘झेड’ प्रकरणात असतात.

काही दिवसांनी अहवाल येतो, उच्च श्रेणीचा बदल. संकेतांक आर ८५.६१३. विषाणूची चाचणीही केली असेल आणि धोकादायक प्रकार सापडला असेल, तर त्याला आर ८५.८१ हा वेगळा संकेतांक आहे.

दुसऱ्या भेटीत डॉक्टर भिंगाच्या उपकरणातून गुदमार्ग पाहतात. अस्तरावर पातळ ॲसेटिक आम्ल लावतात. व्हिनेगरमध्ये असते तेच हे आम्ल. बिघडलेला भाग त्याने पांढरट दिसतो. तेथून बायॉप्सीचा बारीक तुकडा घेतात.

तिसऱ्या भेटीत निदान कळते. येथे वाटा फुटतात. बायॉप्सीत पहिली किंवा दुसरी श्रेणी आली, तर संकेतांक के ६२.८२. ‘के’ म्हणजे पचनसंस्थेचे आजार. तिसरी श्रेणी आली, तर डी ०१.३, म्हणजे जागच्या जागी असलेला, पडदा न फोडलेला कर्करोग. पडदा फोडलेला आढळला, तर सी २१.१, म्हणजे गुदमार्गाचा कर्करोग. आणि बायॉप्सीत काहीच सापडले नाही, तर शंका शंकाच राहते आणि काही काळाने पुन्हा तपासणी होते.

या संकेतांकांना एक नियम जोडलेला आहे. बायॉप्सीने निदान पक्के झाले, की त्याच बिघाडासाठी ‘आर ८५.६१’ गटातला संकेतांक त्याबरोबर लिहायचा नाही. शंका आणि निदान एकमेकांना वर्ज्य आहेत. उत्तर मिळाल्यावर प्रश्नचिन्ह पुसायचे, असा हा साधा नियम. त्याच्या जोडीला आणखी एक आहे. बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांनी ‘बहुधा’, ‘संशयित’ असे लिहिले असेल, तर तो आजार झालाच आहे असा संकेतांक द्यायचा नाही. जेवढे नक्की कळले आहे, तेवढ्याचाच द्यायचा. संकेतांक देणारा कर्मचारी सूक्ष्मदर्शकातून पाहत नाही. तो लिहिलेले वाचतो. म्हणून त्याने स्वतःचा अंदाज मिसळायचा नाही.

एक अंक चुकला तर?

आपल्या गृहस्थांच्या पहिल्याच अहवालावर कोणी घाईने ‘सी २१.१’ लिहिले, असे धरू. बायॉप्सी झालेली नाही, पण कागदोपत्री त्यांना कर्करोग झाला. विमा कंपनीच्या नोंदीत तो गेला, आकडेवारीत एक रुग्ण वाढला, आणि कागद हाती पडल्यावर त्यांच्या घरात काय झाले असेल याची कल्पना करा.

उलट चूकही होते. ‘६१५’ हा निकाल ‘काही सापडले नाही’ असा वाचला गेला, तर फेरतपासणी राहून जाते.

तिसरी चूक अवयवाची. ‘आर ८५.६१३’ ऐवजी ‘आर ८७.६१३’ लिहिले, तर बिघाड गर्भाशयमुखावर जातो. दोन्हीकडे शेवटच्या अंकांची रचना मुद्दाम सारखी ठेवलेली आहे. शिकायला ती सोपी आहे आणि घसरायलाही. एका अंकाच्या फरकाने पुरुषाला गर्भाशय मिळते.

काही वेळा चूक कोणाचीच नसते, शब्दच बदललेले असतात. बायॉप्सीच्या तीन श्रेणींऐवजी निम्न आणि उच्च अशा दोनच पायऱ्या वापराव्यात, अशी शिफारस अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २०१२ साली केली. संकेतांक मात्र तीन श्रेणी धरून रचलेले होते. मग बायॉप्सीच्या अहवालात नुसते ‘उच्च’ लिहिले असेल, तर तो दुसऱ्या श्रेणीचा ‘के’ की तिसऱ्या श्रेणीचा ‘डी’? म्हणून अहवालात पायरीबरोबर जुनी श्रेणीही कंसात लिहावी, असे त्याच शिफारशीत सुचवलेले आहे. विज्ञान पुढे जाते तेव्हा जुन्या आणि नव्या नावांची सांगड कोणीतरी घालावी लागते.

एवढा खटाटोप कशासाठी?

शंका वेगळी नोंदवली नसती, तर तिचे पुढे काय होते हे मोजता आले नसते. उच्च श्रेणीचे बदल काढून टाकले तर कर्करोग खरोखर टळतो का, हा प्रश्न बरीच वर्षे अनुत्तरित होता. अमेरिकेत एचआयव्हीची लागण झालेल्या, ३५ वर्षांवरील आणि बायॉप्सीत उच्च श्रेणीचा बदल आढळलेल्या सुमारे ४,४०० व्यक्तींचे दोन गट केले गेले. एका गटाच्या बदलांवर लगेच उपचार केले, दुसऱ्या गटावर नुसती बारकाईने नजर ठेवली. २०२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उपचार केलेल्या गटात ९ जणांना कर्करोग झाला, तर नजर ठेवलेल्या गटात २१ जणांना. कर्करोगाकडे जाण्याचे प्रमाण ५७ टक्क्यांनी घटले.

या आकड्यांचा दुसरा अर्थही पाहा. उपचार न केलेल्या सुमारे २,२०० जणांपैकी पाहणीच्या त्या काळात कर्करोग झाला तो २१ जणांना. म्हणजे उच्च श्रेणीचा बदल हा कर्करोग नव्हे, आणि तो दुर्लक्ष करण्याजोगाही नव्हे. ‘आर’ हे अक्षर नेमके हेच सांगते: घाबरू नका, पण पुढच्या भेटीला या.

आपल्याकडे

मलविसर्जनाच्या वेळी रक्त गेले, की आपल्याकडे ते मूळव्याधीवर ढकलून मोकळे होतात. बहुतेकदा ते खरेही असते. पण गुदमार्गाच्या कर्करोगातही रक्त जाणे, दुखणे, गाठ लागणे, खाज येणे हीच लक्षणे असतात. तपासल्याशिवाय ‘मूळव्याध’ म्हणणे म्हणजे शंकेवर निदानाचा शिक्का मारणेच. अशी लक्षणे टिकून राहिली, तर डॉक्टरांना दाखवायला हवे.

दुसरी गोष्ट तुमच्या वर्गातल्या मुलांची. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या एचपीव्ही लशीला २०२२ साली भारतात परवानगी मिळाली. मुलगे आणि मुली दोघांनाही ती वयाच्या नवव्या वर्षापासून देता येते. तिचा मुख्य रोख गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर आहे, पण ती ज्या चार प्रकारांविरुद्ध काम करते त्यांत १६ क्रमांकाचा प्रकार आहे. पालकांनी विचारले, तर एवढे तरी आपल्याला सांगता यावे.

वर्गात करून पाहा

वर्षभरात आलेल्या रजेच्या चिठ्ठ्या मुलांची नावे झाकून एकत्र करा. ‘पोट दुखत होते’, ‘ताप होता’, ‘डॉक्टरांनी रक्त तपासून टायफॉइड सांगितला’, ‘लस टोचायला नेले होते’, ‘बहुधा मलेरिया असावा’ असे काहीबाही त्यांत असेल. मुलांना तीन ढीग करायला सांगा: नुसते लक्षण, पक्के निदान, आणि आजार नसताना दवाखान्यात जाणे. ‘बहुधा मलेरिया’ची चिठ्ठी कोणत्या ढिगात टाकायची यावर वाद होईल. तो होऊ द्या. ‘बहुधा’ या शब्दाचे काय करायचे, हे मुलांना त्या वादातूनच उमजेल.